दोरा दिसला तर ओढू नका

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज मांजरीच्या पिल्लाबद्दल बोलायचंय. विषय पाच मिनिटांचा आहे, पण घरी पिल्लू असेल तर शेवटपर्यंत ऐका.

आमच्या मांजरीचं नाव चटणी. सोलापुरात राहून दुसरं काय ठेवणार! ती चार महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. माझी आई घरी टॉवेलच्या कडा शिवायचं काम घेते. बाहेर मागांचा खडखडाट, आत शिलाई मशीन, आणि घरभर दोरा. फरशीवर दोरा, चपलेला दोरा, चादरीच्या लोंबणाऱ्या दशा तर आहेतच. चटणी दिवसभर त्याच्याशी खेळायची आणि आम्ही कौतुकाने व्हिडिओ काढायचो.

एका बुधवारी सकाळी ती ओकली. मला वाटलं, केसांचा गोळा असेल. संध्याकाळी परत ओकली, जेवलीही नाही. आई म्हणाली, "अरे, डॉक्टरला दाखव की." माझं रिलीज होतं. मी म्हटलं, "उद्या बघू गं." गुरुवारी ती कपाटाखाली जाऊन बसली. आज्जीने समोर सुकट ठेवलं, तिने वासही घेतला नाही. तेव्हा कुठे मी लॅपटॉप बंद केला.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं, हनुवटीखालून बोटाने जीभ वर उचलली आणि मला दाखवलं. जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा फास अडकला होता. उरलेला दोरा पोटातून पुढे आतड्यात गेलेला.

मी विचारलं, "ओढून निघणार नाही का?" ते म्हणाले, "ओढला तर आतडं चिरेल."

हे नीट समजून घ्या. मांजर चाटते तेव्हा खरखरीत लागतं ना? तिच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. दोरा त्यावर चढला की तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि आतडं मात्र दोरा पुढे ढकलत राहतं. परकराची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा मग आतून करवतीसारखा घासतो. भोक पडलं तर आतली घाण पोटात पसरते आणि जीव वाचवणं फार अवघड होतं. म्हणून गुळगुळीत मण्यापेक्षा साधा दोरा जास्त धोक्याचा. मांजा, राखीचा धागा, केसांचं रबर, रिबन, सगळं त्यातच आलं.

चटणीचं ऑपरेशन झालं. आतडं दोन ठिकाणी उघडावं लागलं. भोक पडलं नव्हतं, म्हणून ती वाचली. पण तो दीड दिवस माझ्यामुळे गेला, हे मी विसरत नाही.

आता कधी जायचं ते सांगतो.

लगेच, रात्र असली तरी: सुई गिळली, घड्याळातला किंवा रिमोटमधला बटण सेल गिळला, लोहचुंबक गिळलं, तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबतोय, किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय. बटण सेल अन्ननलिका थोड्याच वेळात जाळतो, तिथे वाट बघायची नाही.

त्याच दिवशी: एकापेक्षा जास्त वेळा उलटी, खाणं बंद, लाळ गळणं, पंजाने तोंड खाजवणं, पोटाला हात लावू न देणं, कोपऱ्यात लपून बसणं, शी न होणं. यातली दोन लक्षणं एकत्र दिसली तर "उद्या बघू" म्हणायचं नाही.

इअरफोनचं छोटं रबर गिळलं आणि पिल्लू मस्त खेळतंय, खातंय, तरी डॉक्टरांना फोन करून विचारा. वाट बघायची की नाही, हे त्यांना ठरवू दे.

घरी काय करायचं नाही? दोरा ओढायचा नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढायची नाही. तेल, तूप पाजायचं नाही. माणसांची गोळी तर नाहीच. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते. निघताना दूधही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

दवाखान्यात काय सांगायचं? किती वाजता ओकली, शेवटचं कधी खाल्लं, शी कधी झाली, हे मोबाईलवर लिहून न्या. घरातून काय गायब आहे ते सांगा. सुई एक्स-रेमध्ये दिसते, नुसता दोरा सहसा दिसत नाही. "घरात दोरा असतो" हे तुमचं एक वाक्य डॉक्टरांना खूप मदत करतं.

आणि एक काम आजच करा. आपल्याकडे बरेच दवाखाने मुख्यतः गायी-म्हशींसाठी असतात. मांजरीचं ऑपरेशन कोण करतं, एक्स-रे कुठे आहे, रात्री फोन कोण उचलतं, हे तीन प्रश्न आधीच विचारून नंबर सेव्ह करून ठेवा. घाईत शोधायला गेलं की तासभर सहज जातो.

आमच्याकडे आता काम संपलं की आई कोन झाकणाच्या डब्यात ठेवते आणि झाडून घेते. काम बंद करणं आम्हाला परवडणारं नाही, पण झाकण लावणं परवडतं. चटणी आता कागदाच्या बोळ्याशी खेळते. आत्ताही मी बोलतोय आणि ती मांडीवर आहे, पोटावर टाक्यांची रेघ घेऊन.

हा भाग पिल्लू पाळणाऱ्या एका तरी मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात.