आधी अठरावा खंड

गावोगावहून आलेल्या पत्रकार बंधुभगिनींनो, कृष्णाकाठच्या वाई नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेले ढोल्या गणपतीचे देऊळ आणि भोवतीचे घाट आपण पाहालच; पण आमचा खरा अभिमान ग्रंथांचा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, कोण होते हे आज सांगावे लागते, याची खंत वाटते. त्यांनी इथे प्राज्ञपाठशाळा उभारली, मीमांसाकोश रचला. विनोबा त्यांच्यापाशी शिकून गेले आणि त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार वाईतच थाटला.

आपली परिषद डिजिटल पत्रकारितेची; मग कोशाचा आणि मोबाइलवरच्या बातमीचा संबंध काय, असे आपण विचाराल. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये आला. त्याआधी, 1973 मध्ये, अठरावा आला होता. तो परिभाषेचा. शब्द आधी ठरले, नोंदी मागाहून आल्या. अर्थ, आरोग्य, विज्ञान यांवर लिहिणाऱ्या पत्रकारालाही हाच क्रम पाळावा लागतो. बातमीत विषाणूच्या जागी जीवाणू पडला आणि ती वाचून कोणी साध्या सर्दीवर प्रतिजैविक घेतले, तर चूक एका शब्दाची, भोग वाचकाचा. कोशाला वर्षे मिळतात, बातमीदाराला तासही नाहीत, हे खरेच. म्हणून तर शब्दांची बेगमी बातमी येण्याआधी हवी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डिजिटल वाचक चटपटीत मथळ्यावर येतो, परिभाषेवर नाही. येतो, पण टिकत नाही. रेपो दर वाढला की घराच्या कर्जाचा हप्ता का वाढतो, हे सोपे करून सांगणारा मजकूर मात्र रिझर्व्ह बँकेच्या पुढच्या पतधोरणाला वाचक पुन्हा शोधतो. मथळ्याने गर्दी जमते, उलगड्याने वाचक जोडला जातो.

आता क्षमायाचना. निवासाची सोय एकाच मंगल कार्यालयात झाली नाही, वाहने लांब लावावी लागली, सभागृहात मोबाइलची रेंज अधूनमधून जाते. डिजिटल विषयाच्या परिषदेत हे विशेष बोचते. जेवणात काही कमी पडले, तर तो दोष समितीचा, आचाऱ्यांचा नव्हे. हळदीच्या व्यापाऱ्यांनी, पतसंस्थांनी, नाव न सांगण्याच्या अटीवर धान्य देणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि पहाटेपासून राबणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा भार उचलला. त्यांचे ऋण मोठे आहे. पाहुण्यांकडे मागणे एकच: परतल्यावर प्रत्येकाने आपल्या विषयाचे निदान शंभर शब्द अर्थासह लिहून काढावेत आणि शेजारच्या टेबलावरच्या नवख्या बातमीदाराच्या हाती द्यावेत.