पत्र दुसऱ्याच्या घरी, दप्तर आपल्या घरी



लोणार तालुक्यातील बीबीसारख्या गावात आज ई-मेल ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. शाळेला शिक्षण खात्याचे पत्र, पतसंस्थेला सहकार खात्याची सूचना, शेतकरी उत्पादक कंपनीला बँकेची विचारणा, सारे जीमेलवर येते. परंतु या पत्रांचे दप्तर कुठे आहे, असे विचारले तर अनेक चिटणीस खिशातला मोबाइल काढून दाखवतात. पत्रे आली, वाचली गेली, उत्तरेही गेली. संस्थेच्या कपाटात मात्र त्यातले काहीच नाही. चिटणीस बदलला, मोबाइल हरवला किंवा संकेतशब्द विसरला की चार वर्षांचा पत्रव्यवहार एका दिवसात नाहीसा होतो.

कागद राखणे ही महाराष्ट्राची जुनी शिस्त आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवलेले होते, म्हणूनच रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक पत्रांचे ४५ खंड निघू शकले. ती पत्रे लिहिणाऱ्या कारकुनांना इतिहास घडवायचा नव्हता. आलेला कागद जागेवर ठेवायचा, एवढेच त्यांना ठाऊक होते. आवक-जावक नोंदवही ठेवणारी आपली संस्था ई-मेल येताच ती सवय का सोडते, हा खरा प्रश्न आहे.

ब्राउझरमधून पाहिले जाणारे टपाल कुठे असते, हे आधी समजून घ्यावे. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. पुढल्याच वर्षी, ४ जुलै १९९६ रोजी, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल सुरू केले. कोणत्याही संगणकावरून, फुकट, आपले टपाल पाहता येऊ लागले. सोय मोठीच होती. परंतु पत्रे कंपनीच्या संगणकावर राहिली आणि अटीही कंपनीच्याच राहिल्या. २००२ मध्ये याहूने टपाल स्वतःच्या संगणकावर उतरवून घेण्याची विनामूल्य सोय बंद करून तिला शुल्क लावले. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. यात कोणी फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. फुकट मिळालेल्या ओसरीवर घरमालकाचे नियम चालतात, इतकेच.

यावर उपाय जुनाच आहे: संगणकावर टपालाचा स्वतंत्र प्रोग्राम बसवणे आणि त्याला ते खाते जोडणे. ज्यांनी दहा-दहा तासांच्या भारनियमनाच्या काळात आउटलुक एक्सप्रेस वापरले, त्यांना हे नवे नाही. फोन जोडायचा, टपाल उतरवायचे, फोन तोडायचा आणि मग सावकाश वाचायचे. मात्र तेव्हाची एक खोड आजही लक्षात ठेवण्याजोगी आहे. पॉप या पद्धतीत पत्र उतरवले की मूळ प्रत पुष्कळदा कंपनीकडून पुसली जाई, आणि संगणक ‘फॉरमॅट’ केला की घरातली प्रतही जाई. अनेकांची पत्रे अशीच गेली.

आज बहुधा आयमॅप ही पद्धत वापरली जाते. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ती तयार केली. हीत पत्र कंपनीकडेही राहते व संगणकावरही दिसते. मोबाइलवर वाचलेले पत्र कार्यालयातही वाचलेले दिसते. म्हणूनच अनेकांचा समज होतो की, आयमॅप जोडले म्हणजे प्रत सुरक्षित झाली. तसे नाही. आयमॅप हा आरसा आहे. एका ठिकाणी पुसलेले पत्र दुसरीकडेही पुसले जाते, मग ते कोणी चुकून पुसलेले असो वा मुद्दाम. जपायची पत्रे प्रोग्राममधील ‘लोकल फोल्डर्स’ या कप्प्यात उतरवून ठेवली, तरच ती आरशाबाहेर येतात.

आता निवड. विनामूल्य, मुक्त स्रोत आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालणारा प्रोग्राम म्हणून थंडरबर्डचा विचार प्रथम करावा लागतो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. २०१२ मध्ये मोझिलाने त्यावरील काम कमी केले, तेव्हा तो संपला असेच अनेकांना वाटले होते. परंतु वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगला. त्याचा मोठा गुण असा की, पत्रे तो सहसा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवतो आणि त्या फाइल दुसरे प्रोग्रामही वाचू शकतात. उद्या थंडरबर्ड बंद पडला तरी दप्तर बंद पडणार नाही. कार्यालयात जुना विंडोज ७ असलेला संगणक असेल तर एवढे ध्यानात असावे की, थंडरबर्डची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ११५ होती. अशा संगणकावर लिनक्स बसवणे अधिक शहाणपणाचे.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. विंडोजसोबत येणारा ‘मेल’ हा साधा प्रोग्राम २०२४ च्या अखेरीस बंद झाला आणि त्याच्या जागी नवे आउटलुक आले. नाव ओळखीचे असले तरी वागणे वेगळे. त्यात जीमेलचे किंवा अन्य कंपनीचे खाते जोडले की त्या पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. ज्याला आपले टपाल दुसऱ्याच्या घरून स्वतःच्या घरी आणायचे आहे, त्याने ते तिसऱ्याच्या घरी कशासाठी ठेवावे? ऑफिससोबत विकत मिळणारे जुन्या धाटणीचे आउटलुक निराळे. ज्या संस्थेकडे ते आहे तिने ते बदलण्याची घाई करू नये. इव्होल्यूशन, क्लॉज मेल वगैरे प्रोग्राम लिनक्सच्या जाणकारांसाठी चांगले आहेत.

जोडणी करताना बहुतेकांची गाडी संकेतशब्दावर अडते. वैयक्तिक जीमेल खात्याचा नेहमीचा संकेतशब्द थेट अन्य प्रोग्राममध्ये टाकण्याची मुभा गुगलने मे २०२२ च्या अखेरीस काढून घेतली. थंडरबर्डमध्ये खाते जोडताना गुगलचे स्वतःचे पान उघडते. संकेतशब्द तिथेच द्यायचा असतो. जुना प्रोग्राम असेल तर दुहेरी पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा वेगळा संकेतशब्द घ्यावा लागतो. जीमेलची आणखी एक गंमत आहे. तिथले प्रत्येक लेबल आयमॅपमध्ये स्वतंत्र कप्पा होऊन दिसते आणि ‘ऑल मेल’ या कप्प्यात तीच पत्रे पुन्हा येतात. तो कप्पा वगळला नाही तर तेच टपाल दोनदा उतरते आणि मोबाइलचे नेट लावून काम करणाऱ्याचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो.

मराठी संस्थांपुढे एक अडचण खास आपली आहे. २००० च्या दशकातली पुष्कळ मराठी पत्रे श्रीलिपी, आकृती अशा फाँटमध्ये लिहिलेली होती. आज ती उघडली तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसतात. ती निरुपयोगी समजून पुसू नयेत. युनिकोडमध्ये त्यांचे रूपांतर करता येते, आणि तसे केल्यावर ‘ठराव’ किंवा ‘देणगी’ असा शब्द टाकून वीस वर्षांपूर्वीचे पत्रही शोधता येते.

स्वदेशीचा प्रश्नही येथे साहजिकच निघतो. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपला ई-मेल झोहोवर नेल्याचे जाहीर केले, तेव्हापासून अनेक संस्था तसा विचार करीत आहेत. तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागातून जगभर सॉफ्टवेअर विकणाऱ्या या कंपनीचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु खाते स्वदेशी झाले म्हणून दप्तर आपोआप आपल्या घरी येत नाही. शिवाय कोणत्याही कंपनीची विनामूल्य योजना घेण्यापूर्वी तीत आयमॅपची सोय आहे का, हे पाहावे. पुष्कळदा ती सशुल्क योजनेतच असते.

राहता राहिला चिटणिसाच्या खासगी खात्याचा प्रश्न. संस्थेचे खाते संस्थेच्याच नावाचे असावे, त्याचा पुनर्प्राप्तीचा मोबाइल क्रमांक अध्यक्ष वा कार्यालयाचा असावा आणि संकेतशब्द बंद पाकिटात इतिवृत्ताच्या वहीसोबत ठेवावा. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद होतात, त्याच दिवशी त्या वर्षाची पत्रे ‘लोकल फोल्डर्स’मध्ये उतरवून थंडरबर्डचे पूर्ण प्रोफाइल फोल्डर दोन बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावे. एक डिस्क कार्यालयाच्या कपाटात राहील, दुसरी खजिनदाराच्या घरी. आणि दोन्हींची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत, टेबल-खुर्च्यांच्या खाली, नव्या ओळीवर.