धरलेले सोडू नये, जोडलेले तोडू नये



भाताची कापणी झाली. झोडणीही आटोपत आली. आता थोड्याच दिवसांत आपल्या डहाणू-तलासरी भागातली कितीतरी घरे बंद होतील. दाराला कडी लावून माणसे जगायला जातील. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर जाईल, कोणी वसईकडे जाईल. कोणी पहाटे उठून वापीच्या कारखान्याची वाट धरील. पोट आहे तेव्हा जावेच लागते. त्यासाठी कोणी कोणाला नावे ठेवू नयेत.

पण जाण्याआधी दोन गोष्टी बोलून घेऊ. एक आहे अक्षरांची, दुसरी आहे माणसांची.

चार-सहा महिने अक्षरांवर नजर पडली नाही, तर अक्षरे पुसट होतात. तसेच माणसांचे आहे. पहिल्या महिन्यात निरोप येतो. दुसऱ्या महिन्यात येत नाही. मग पाऊस जवळ आला की माणूस गावी परततो, पण वर्गाकडे फिरकत नाही. का रे बाबा, असे विचारले तर म्हणतो, "मी मागं पडलो. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

ही लाज फार वाईट. कामामुळे माणूस सहा महिने दूर राहतो, पण लाजेमुळे कायमचा दूर होतो. म्हणून आज आम्ही पवित्र शास्त्रातली एक गोष्ट सांगणार आहोत. आपल्यात काही ख्रिस्ती आहेत, काही नाहीत. पण गोष्ट सगळ्यांच्या कामाची आहे.

प्रभू येशूचा एक प्रेषित होता. त्याचे नाव पौल. तो गावोगाव फिरे, लोकांना शिकवी. मार्क नावाचा एक जण त्याच्याबरोबर निघाला. सोबत बर्णबा हाही होता. प्रवास लांबचा होता. मार्क अर्ध्या वाटेवरच त्यांना सोडून घरी परतला. पुढे पुन्हा प्रवासाला निघायची वेळ आली. बर्णबा म्हणाला, मार्कला घेऊ या. पौल म्हणाला, नको, तो मागे सोडून गेला होता. दोघांचे इतके वाजले की दोघे दोन वाटांनी गेले. बर्णबाने मात्र मार्कला आपल्याबरोबर नेले.

नंतर बरीच वर्षे गेली. पौल म्हातारा झाला आणि तुरुंगात पडला. तेथून त्याने आपला तरुण सोबती तीमथ्य याला पत्र लिहिले. त्या पत्रात मोठमोठ्या गोष्टी आहेत, पण अगदी घरगुती गोष्टीही आहेत. देमास मला सोडून गेला, जवळ फक्त लूक उरला आहे, असे तो कळवतो. मागे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, आणि हिवाळा लागण्याआधी ये, असे तो सांगतो. आणखी एक गोष्ट तो मागतो. येताना मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे!

पाहिलेत? ज्याला एकदा नको म्हटले, त्यालाच पौल म्हातारपणी बोलावतो आहे. मार्कने पुन्हा पाऊल उचलले, ही त्याची चिकाटी. बर्णबाने त्याचा हात सोडला नाही, ही मैत्री. आणि पौलाने जुना राग धरून ठेवला नाही, हे मनाचे मोठेपण. यांतली एक गोष्ट जरी कमी पडली असती, तरी तो माणूस वायाच गेला असता. येशूचे एक चरित्र याच मार्कने लिहिले, असे ख्रिस्ती मंडळी फार पूर्वीपासून मानीत आली आहे.

त्या चरित्रात चार मित्रांची गोष्ट आहे. त्यांचा एक सोबती लुळा होता. येशू कफर्णहूम गावात एका घरी आहे, असे कळले. चौघांनी सोबत्याला बाजेसकट उचलले. पण दारात ही गर्दी! आत जायला वाट नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आम्ही आणलं होतं बाबा, तुझं नशीबच नाही. हे चौघे मात्र छपरावर चढले. त्यांनी छप्पर उसकटले आणि बाज खाली सोडली. आजारी माणूस बरा झाला. येशूने त्या मित्रांचाही विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे. ज्याला स्वतः चालता येत नाही, त्याने चिकाटी कोठून आणावी? अशा वेळी त्याच्या वाटची चिकाटी मित्रांनी धरायची असते.

आता आपल्याच डहाणू तालुक्यातले उदाहरण घ्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. वारल्यांची मुले शाळेत येत नसत. त्यांच्यामागे गुरे राखण्याचे काम असे, धाकटी भावंडे सांभाळण्याचे काम असे. या बायांनी मुलांना दोष दिला नाही. पोर शाळेत येत नाही, तर शाळाच पोराकडे नेऊ, असे त्या म्हणाल्या. पाड्यातल्या अंगणात त्यांनी शाळा भरवली. गुरे चरतात त्या कुरणातही भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. अनुताई स्वतः लहानपणीच विधवा झाल्या होत्या आणि नंतर हिमतीने शिकल्या होत्या. १९७३ साली ताराबाई गेल्या. अनुताईंनी काम सोडले नाही. १९९२ साली डोळे मिटेपर्यंत त्या याच कामात राहिल्या. येत नाही त्याच्याकडे आपण जावे, हा धडा आपल्या घराजवळच गिरवला गेला आहे.

पंडिता रमाबाईंचेही नाव आपण ऐकले असेल. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांचे मुक्ती सदन आहे. दुष्काळात उघड्या पडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी तेथे आधार दिला. थोडे शिकलेल्या बायकांना पवित्र शास्त्र समजावे, म्हणून ते सोप्या मराठीत आणायचे त्यांनी ठरवले. त्यासाठी उतारवयाकडे झुकताना त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. छापखाना सदनातच होता. खिळे जुळवायला सदनातल्याच मुली होत्या. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. आईवर डोंगर कोसळला. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. चाळिशी उलटल्यावर परकी अक्षरे शिकता येतात, तर आपल्याला आपल्या भाषेतली जोडाक्षरे का येऊ नयेत?

आणि सोबत म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास जमीन पुन्हा पुन्हा हादरली. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात अनेक धक्के बसले. त्या दिवशी घाबरून पळताना एक लहानगी मुलगी दगावली. लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, तंबूत काढल्या. धक्का कधी बसेल, हे कोणाच्या हातात नव्हते. शेजाऱ्याला हाक मारणे मात्र हातात होते. भीती एकट्याला असते तेव्हा मोठी असते. चारजण जवळ बसले की तीच निम्मी होते.

आता करायचे काय, ते सांगतो.

जो जाणार आहे, त्याने आपली वही बरोबर न्यावी. रोज एक ओळ लिहावी. काय लिहू, असे विचाराल. आज किती विटा थापल्या, ते लिहा. उचल किती घेतली, खर्चीला किती मिळाले, तेही तारखेसह लिहा. हिशोबाच्या दिवशी मुकादमाच्या वहीशेजारी तुमचीही वही उघडी राहील. गाडीतून जाताना पाट्या वाचा. घोलवड, डहाणू रोड, वाणगाव, बोईसर, पालघर. प्रत्येक स्टेशन तुमचा धडाच आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर चार सोबत्यांची नावे आणि फोनचे नंबर लिहून ठेवा. फोन हरवतो, बिघडतो. वही जवळ राहते. आठवड्यातून एकदा एकाला तरी विचारा, कसा आहेस?

जो गावी राहणार आहे, त्याचे काम अधिक मोठे आहे. गेलेल्याचे म्हातारे आईबाप घरी असतील, तर त्यांच्याकडे डोकावून या. त्याच्या नावाने आलेला कागद वाचून दाखवा. तो परत आला की त्याच्या दारी जा. इतके दिवस कुठं होतास, असे म्हणू नका. चल, तुझी जागा ठेवली आहे, असे म्हणा.

एक मात्र ध्यानात ठेवा. सगळेच धरून ठेवण्यासारखे नसते. भांडण धरून ठेवणे, व्यसन धरून ठेवणे, ही चिकाटी नव्हे. आणि जो मित्र गुत्त्याकडे ओढतो, त्याला माया सोडू नका, पण त्याच्या मागे जाऊ नका. खरे बोलून दाखवणे हेही मित्राचेच काम आहे.

आमचा विश्वास असा आहे की देव माणसाला मध्येच सोडून देत नाही. आपण थकतो, तो थकत नाही. म्हणून आपणही एकमेकांना सोडू नये. आज येथे बसलेल्यांपैकी जितके जण जातील, तितके सगळे पावसाआधी याच वर्गात परत दिसोत, अशी आम्ही रोज प्रार्थना करू. आणि कोणी दिसला नाही, तर नुसती प्रार्थना करून थांबणार नाही. त्याच्या पाड्यावर येऊ.