हप्ता तोच, डॉलर हलका

जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्क्यांवर गेला. चाळीस वर्षांत तिथं एवढी महागाई झाली नव्हती. बचत खात्यात १०,००० डॉलर ठेवून निर्धास्त बसलेल्याला व्याज मिळालं नाममात्र, आणि त्या रकमेत आता आदल्या वर्षीच्या भावानं जेमतेम ९,१७० डॉलरचा माल येत होता.

याउलट जानेवारी २०२१ मध्ये ज्यानं तीस वर्षांचं गृहकर्ज पावणेतीन टक्क्यांच्या आसपास स्थिर व्याजानं घेतलं, त्याचा हप्ता तेवढाच राहिला. पगार वाढला असेल, तर तो हप्ता हलकाच झाला. पण पगार तिथंच अडकला असेल, तर किराणा आणि पेट्रोलनंच त्याचा खिसा रिकामा केला, हेही लक्षात घ्यायला हवं.

कर्ज देणाऱ्यांना खरा फटका बसला तो पुढं. मार्च २०२२ पासून अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हनं व्याजदर झपाट्यानं वाढवले. सिलिकॉन व्हॅली बँकेकडं कमी व्याजाचे, दीर्घ मुदतीचे रोखे होते. व्याजदर वाढताच त्यांची किंमत घसरली, ठेवीदारांनी पैसे काढायला धाव घेतली आणि मार्च २०२३ मध्ये बँक बुडाली. नव्यानं घर घेणाऱ्याला तर ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास आठ टक्के व्याज मोजावं लागत होतं.