साखर आण
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)

वर्धापनदिनी काही गोड बोलावे असा रिवाज आहे. मी मात्र आज एक अप्रिय हकिकत सांगणार आहे. तीत चूक माझीच आहे, म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये.

आपल्या हेमलकशात २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पावसाळ्यात नाले भरले की भामरागडचा हा सारा भाग तुटत असे. निरोप माणसाच्या पायांनी जाई. चार दिवस खबर नाही म्हणून कोणी घाबरत नसे. आता मुलगा आलापल्लीहून निघाला की तासाभरातच आपला जीव खालीवर होऊ लागतो, आणि हात आपोआप फोनकडे जातो.

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमचा धाकटा आलापल्लीला मुक्काम करून सकाळी फटफटीवर निघाला. साठ-पासष्ट किलोमीटरचा जंगलातला रस्ता. मी एकामागून एक तीन निरोप धाडले. ‘कोठवर आलास?’ ‘खाल्लेस का?’ ‘साखर आण.’ वाटेत रेंज नव्हती, म्हणून ते अडून राहिले. एक गाव जवळ येताच रेंज आली आणि तिन्ही निरोप एकदम टणटण वाजले. भगिनींनो, यातली गोम लक्षात घ्या. रेंज येते ती गावापाशी. आणि माणसे, गुरे, पोरेबाळे रस्त्यावर असतात तीही गावापाशीच!

त्याने एका हाताने फोन काढला. समोरून मोहफुलांची टोपली घेऊन एक बाई कडेने चालली होती. तिला धक्का लागला. तिचे मनगट मोडले, फुले डांबरावर पसरली. याचे गुडघे फुटले.

पहिले दोन दिवस तो सर्वांना, पोलिसांनाही, ‘बकरी आडवी आली’ असेच सांगत होता. तिसऱ्या रात्री त्याने फोन माझ्यापुढे ठेवला. ‘साखर आण’ या माझ्या निरोपाखाली त्याचे उत्तर अर्धेच राहिले होते : ‘कित’. किती आणू, एवढेच त्याला विचारायचे होते. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन आपला जबाब दुरुस्त केला.

सरकारी अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी फोनमुळे ३,३९५. हा दुसरा आकडा मी वाचला तेव्हा मला ती बकरी आठवली. अशा किती बकऱ्या कागदावर आडव्या आल्या असतील!

जरा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे काही फार वेग नव्हे. तरी गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. निरोप वाचायला पाच सेकंद धरले, तर ५५ मीटर झाले. जवळजवळ सात नऊवारी लुगडी एकापुढे एक पसरा, आणि तेवढे अंतर डोळे मिटून धावून पाहा. आलापल्लीकडे तर आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रकही रस्त्यावर असतात.

कायदा आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन, चालविताना हातात फोन वापरणे हे धोकादायक चालविण्यात धरले गेले. पहिल्या गुन्ह्यालाच एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. कानात तार घालून बोलणारे म्हणतात, आमचे हात मोकळे आहेत. हात मोकळे असतील हो, पण मन कुठे असते?

मी त्या बाईकडे गेले. माझी माडिया मोडकीतोडकी. तिच्या अंगणात मोहफुले वाळत घातलेली नव्हती. शेजारणींच्या अंगणात होती. मोहाचा बहर कोणासाठी थांबत नाही. सहा आठवडे तिचा हात प्लॅस्टरात राहिला आणि वर्षाची ती कमाई गेली. आम्ही पैसे दिले. तिने ते मोजून घेतले, हे फार बरे केले. तिने मला एकच विचारले, “तो तेव्हा कुणाशी बोलत होता?” मी म्हटले, “माझ्याशी.”

तेव्हापासून तो निघताना एकदा कळवतो आणि पोचल्यावर सांगतो. मधल्या वेळात मी निरोप धाडत नाही. सोपे नाही हे. गेल्या पावसात तो दीड तास उशिरा आला. मी तीनदा फोन उचलला नि तीनदा ठेवला. शेवटी तांदूळ निवडत बसले. साखर लागली तर शेजारी मागावी.

गाडी चालू असताना निरोप वाजूच नये, अशी सोय पुष्कळ फोनांत असते. मला ती जमत नाही, माझ्या मुलीला जमते. चहा झाल्यावर ती त्या खिडकीपाशी बसेल. घरातल्या गाडी चालविणाऱ्यांचे फोन तिच्याकडे द्या. आणि ते आज बरोबर नसतील, तर रविवारी आमच्याकडे घेऊन या.