दारापाशी उभी असलेली परिचारिका



आजच्या सभेसाठी मी खालिद हुसैनी यांची ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ ही २००७ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी निवडली आहे. लेखक जन्माने काबूलचे, पेशाने डॉक्टर. कथा मरियम आणि लैला या दोघींची. हेरातबाहेरच्या झोपडीत अनौरस म्हणून वाढलेली मरियम पंधराव्या वर्षी काबूलच्या रशीदला दिली जाते. रॉकेटच्या माऱ्यात आईवडील गमावलेली लैला पुढे त्याच घरात सवत होऊन येते. बाहेर सोव्हिएत फौजा परततात, मुजाहिदीन आपसांत लढतात, १९९६ मध्ये तालिबान काबूल घेतात. राजवटी बदलतात, रशीदच्या हातातला पट्टा तोच राहतो.

एका प्रसंगापाशी मात्र माझे वाचन थांबले. लैला अडली आहे. सिझेरियन करावे लागणार, पण रुग्णालयात भुलीचे औषध नाही. डॉक्टरीणबाई मनाई असतानाही शस्त्रक्रियेसाठी बुरखा उतरवतात आणि एक परिचारिका दारापाशी पहारा देते. ती दुसरे काहीच करीत नाही. तरीही मला ती विसरता येत नाही.

मुंबईत पदविका घेऊन मी नुकतीच रुजू झाले होते. एका रात्री एक बाई वॉर्डात आली. दंडावर बोटांचे वळ स्पष्ट होते. खाटेशी उभा असलेला नवरा म्हणाला, “जिन्यावरून पडली.” मी नोंदीत तेच लिहिले. त्याला बाहेर पाठवून तिला विचारणे माझ्या हाती होते. धैर्य मात्र नव्हते. सकाळी तो तिला घेऊन गेला. आज पन्नास वर्षांनी हे प्रथमच उघडपणे सांगत आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने मुलींना परिचर्येचे आणि सुईणीचे शिक्षणही बंद केले. उद्या तिथल्या लैलांसाठी दारापाशी कोण उभे राहणार?

तोरा फारोचे नाव सांगत नाही. त्याची आज्ञा मोडणाऱ्या शिफ्रा आणि पुआ या सुइणींची नावे मात्र सांगते. हा मान कशासाठी आहे, हे मला या कादंबरीने नव्याने शिकवले.

आपल्या ज्या लेकी इथल्या रुग्णालयांत काम करतात, त्यांना एवढेच सांगते: नवरा खाटेशी उभा असेल, तर आधी त्याला बाहेर बसवा. मग तिला विचारा.