खटका कोणाच्या हाती?

(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अभ्यासवर्गात आपण वेतन, महागाई भत्ता आणि बदल्या यांविषयी नेहमीच बोलतो. आज आम्ही एका खटक्याविषयी बोलणार आहोत. अमेरिकेत पिकअप ट्रकच्या मागे जड ट्रेलर जोडून डोंगर चढणारे काही चालक डॅशबोर्डवर एक जादा खटका बसवून घेतात. त्याला लॉकअप स्विच म्हणतात. इतक्या दूरच्या खटक्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध शेवटी आपोआप दिसेल.

आपल्या मेल मोटर सेवेतील चालक बंधूंना क्लच सांगायला नको. पाय दाबला की इंजिन आणि गिअर वेगळे होतात, सोडला की जोडले जातात. ऑटोमॅटिक गाडीत हा पायाखालचा क्लच नसतो. त्याच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल आहे. इंजिनाकडचे चाक तेल फेकते, गिअरकडचे चाक त्या माऱ्याने फिरते आणि मधले तिसरे चाक परतणाऱ्या तेलाला योग्य दिशा देते. त्यामुळे गाडी जागेवरून उठताना इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट होऊन मिळतो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली याचे पेटंट घेतले, तेही जहाजांसाठी.

पण फुकट काहीच मिळत नाही. दुसरे चाक पहिल्याच्या थोडे मागेच राहते. ही जी घसरण होते, तिची उष्णता बनते. समजा इंजिन १०० किलोवॅट शक्ती देत आहे आणि घसरण १० टक्के आहे. म्हणजे १० किलोवॅट तेलातच जिरले. एक-एक किलोवॅटच्या दहा विजेच्या शेगड्या त्या तेलात सोडल्यासारखेच हे झाले. तेल फार तापले की ते खराब होते, रबरी सील कडक होतात आणि गिअरबॉक्स जळतो.

यावर उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या पोटातच एक क्लच बसवला गेला. गाडीने वेग घेतला की तो दोन्ही चाके घट्ट जोडतो, मग घसरणही नाही आणि तिची उष्णताही नाही. हाच लॉकअप. मोटारीत तो पॅकार्ड कंपनीने १९४९ साली आणला. तो कधी लावायचा आणि कधी सोडायचा हे आतला व्हॉल्व्ह किंवा संगणक ठरवतो. रिकाम्या गाडीला ते ठीक चालते. मागे ट्रेलर असला आणि समोर चढ आला की चालक अॅक्सिलरेटर दाबतो, यंत्र लॉकअप सोडून देते आणि तेल तापू लागते. उतारावर पाय उचलला तरी अनेक गाड्यांत लॉकअप सुटतो. मग इंजिनाचा रोध चाकांपर्यंत नीट पोचत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगदा आहे, उंची ३,४०० मीटरच्या आसपास. तिथून खाली येणाऱ्या महामार्गाच्या कडेला, ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी वर चढत जाणारे वेगळे रस्ते बांधले आहेत. कर्जत-लोणावळा घाटात १:३७ च्या उतारावर काम केलेल्यांना आपली कॅच साइडिंग लगेच आठवेल. डोंगर कुठलाही असो, भार उतरवण्याचा प्रश्न एकच आहे.

म्हणून तो खटका. चालक आपल्या हाताने लॉकअप धरून ठेवतो. स्थिर वेगाने चढताना तेल थंड राहते आणि उतरताना इंजिन गाडीला आवरते.

पण त्याच खटक्यात धोकाही आहे. लॉकअप न सोडता गाडी थांबवली तर इंजिन बंद पडते आणि ब्रेक व स्टिअरिंगला इंजिनाकडून मिळणारी मदतही जाते. लॉकअप लावून गिअर बदलला तर सगळ्या दांड्यांना हिसका बसतो. अगदी कमी वेगात, पूर्ण भारावर लावला तर इंजिन गुदमरते किंवा तो लहानसा क्लचच घसरून जळतो. म्हणून जाणता चालक तीन गोष्टी पाळतो. ब्रेक दाबताच लॉकअप सुटेल अशीच तारांची जोडणी करून घेतो, तेलाच्या उष्णतेचा काटा समोर लावतो आणि वेग स्थिर झाल्याशिवाय खटक्याला हात लावत नाही. नव्या ट्रकांत ओढकामासाठी कंपनीनेच वेगळे बटन दिलेले असते. तिथे असा जादा खटका बसवण्याची गरज सहसा उरत नाही.

आता घरी येऊ. आपल्या यार्डांत अनेक वर्षे राबलेले डब्ल्यूडीएस-४ शंटिंग इंजिन चित्तरंजनला बनले. त्यातले सुरी ट्रान्समिशन मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याचे. त्यांना १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला. तत्त्व हेच होते : उठताना तेलातून ओढ, वेग आल्यावर क्लचने थेट जोडणी. ज्यांनी ही इंजिने चालवली आणि शेडमध्ये उघडली, त्यांना तेल तापणे म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावे लागले नाही.

मित्रहो, आमचे सांगणे एवढेच. यंत्र जे ठरवत नाही ते माणसाला ठरवावे लागते. ज्याच्या हाती खटका दिला, त्याला काटाही दिला पाहिजे, शिक्षण दिले पाहिजे आणि सूचना त्याला समजेल अशा भाषेत लेखी दिली पाहिजे. यातले काहीच न देता यंत्र जळाल्यावर चौकशीच्या कागदावर ‘चालकाची चूक’ असे लिहून मोकळे होणे हा न्याय नव्हे. आणि आपणही हे ओळखले पाहिजे की ज्ञानाशिवाय हाती घेतलेला अधिकार आपल्याच अंगावर येतो.

तेव्हा आपापल्या यार्डात, शेडमध्ये, मेल मोटरच्या डेपोत जो खटका तुमच्या हाताखाली आहे, तो काय करतो हे विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, आणि मिळालेले उत्तर शेजारच्या नव्या कामगाराला सांगा. संघटनेचे कामही तिथूनच सुरू होते.